लकव्यानंतरचं घर: जोडीदारानं काय करावं आणि काय सोडून द्यावं

डिस्चार्ज कार्डाच्या तळाशी एक ओळ हमखास असते: फिजिओथेरपी चालू ठेवणे. नागपूर, सावंगी किंवा सेवाग्रामहून गाडी आपल्या घाटंजी तालुक्याकडे निघते, पेशंट मागच्या सीटवर आडवा असतो, आणि ती ओळ पाळायची कुणी हे गाडीतलं कुणीच बोलत नाही. बोलायची गरजही वाटत नाही. सगळ्यांच्या नजरा बायकोकडे असतात. बायकोलाच लकवा मारला असेल तर मात्र त्या नजरा नवऱ्याकडे जात नाहीत. सुनेकडे, लेकीकडे, नाहीतर माहेरच्या बहिणीकडे वळतात. हा लेख बायकोसाठी आहे, तसाच नजर चुकवणाऱ्या नवऱ्यासाठीही आहे.

आजार दुर्मीळ नाही, हे आधी लक्षात घ्या. चंद्रपूर ओलांडलं की गडचिरोली. तिथं डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं 86 गावांतल्या मृत्यूंची कारणं शोधली. मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. योगेश्वर काळकोंडे यांच्या पुढाकारानं झालेला हा अभ्यास 2015 साली प्रसिद्ध झाला. त्या गावांत मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण लकवा निघालं. साधारण दर सातातला एक मृत्यू लकव्यानं झाला होता, आणि त्यातले बहुतेक घरीच झाले होते. लकवा म्हणजे शहरी, सुखवस्तू माणसाचा आजार, ही समजूत आपल्या भागापुरती तरी तिथंच संपते.

आता मुद्द्याचं. घरच्या माणसाला शिकवलं तर लकव्याचा पेशंट जास्त बरा होतो का, हा प्रश्न आपल्या देशातच नीट तपासला गेला. ‘अटेंड’ नावाच्या या अभ्यासात भारतातल्या 14 रुग्णालयांतले 1250 पेशंट होते. निम्म्यांच्या घरच्यांना व्यायाम, बसवणं, उठवणं, रोजची कामं करून घेणं असं सगळं शिकवलं. उरलेल्यांना नेहमीचे उपचार मिळाले. सहा महिन्यांनंतर दगावलेल्या किंवा परावलंबी राहिलेल्या पेशंटचं प्रमाण दोन्हीकडे सारखंच निघालं, 47 टक्के. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात 2017 साली हे छापून आलं.

वाचून निराश व्हायला होईल. मला मात्र या आकड्यात जोडीदारासाठी मोठा दिलासा दिसतो. ‘तिनं नीट मालिश केली नाही म्हणून हात राहिला’ असं म्हणणारी सासू, नणंद, शेजारीण प्रत्येक गल्लीत भेटते. हात किती परत येणार हे मुख्यतः मेंदूचा कुठला आणि केवढा भाग गेला यावर ठरतं. तुमच्या तळहातावर ते ठरत नाही. व्यायाम हवाच, पण तो कोणता आणि किती, हे सांगण्याचं काम फिजिओथेरपिस्टचं आहे. दवाखान्यातून निघण्याआधी त्यांच्याकडून चार-पाचच व्यायाम नीट शिकून घ्या आणि ते शिकवत असताना मोबाइलवर व्हिडिओ काढा. यवतमाळच्या श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात फेरतपासणीला जाल तेव्हा पुढचे विचारा. आणि एकदम जोर लावू नका. ‘अव्हर्ट’ या दुसऱ्या अभ्यासात 2104 पेशंट होते. लकव्यानंतर पहिल्या 24 तासांतच उठवून भरपूर हालचाल करायला लावलेल्यांची स्थिती तीन महिन्यांनी इतरांपेक्षा उलट कमी चांगली निघाली. ज्यांना थोडा थोडा वेळ, पण दिवसातून अनेकदा हलवलं, त्यांना अधिक फायदा झालेला दिसला. घरीही तेच करा. एक तास घाम काढण्यापेक्षा दहा-दहा मिनिटं, चार-पाच वेळा.

मग घरच्या माणसाच्या हातात नेमकं काय आहे? पुष्कळ आहे. बरंचसं नुकसान लकवा झाल्यानंतर घरात होतं, आणि ते टाळता येतं.

घास, खांदा, कूस

पहिला धोका गिळण्याचा. लकव्यात घशाचे स्नायूही ढिले पडतात, आणि अन्न-पाणी अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरतं. त्यातून न्यूमोनिया होतो आणि पेशंट त्यात जातो. घरचे म्हणतात, ‘बरे होत आले होते, अचानक ताप आला.’ दवाखाना सोडताना एक प्रश्न विचाराच: गिळण्याची तपासणी झाली का? घरी खाताना खोकला येतो, पाणी प्यायल्यावर आवाज घोगरा-ओला होतो, गालात घास साठून राहतो, लाळ गळते, ही सगळी लक्षणं धोक्याची. अशा माणसाला सर्वांत अवघड जातं ते साधं पाणी, कारण ते पातळ असतं आणि झरकन घसरतं. घट्ट पेज, घट्ट वरणात मऊ केलेला भात, दही हे तुलनेनं सोपं. पोहे, फुटाणे, चिवडा, शेंगदाणे बंद. भरवताना माणूस ताठ बसलेला हवा, हनुवटी किंचित खाली, घास लहान, आणि पहिला घास उतरल्याशिवाय दुसरा द्यायचा नाही. जेवल्यावर अर्धा तास आडवं करू नका. पडल्या पडल्या चमच्यानं पाणी पाजणं ही माया आपल्याकडे फार चालते. तीच सर्वांत घातक. नळी घातली असेल तर ‘आज जरा बरे दिसतात’ म्हणून तोंडानं चहा देऊन पाहू नका.

दुसरा धोका खांद्याचा. निकामी हाताचा खांदा स्नायूंच्या आधाराशिवाय लोंबत असतो. अशा वेळी दोन पाहुणे दोन बाजूंनी काखेत हात घालून ‘उठा पाटील, उठा’ म्हणत ओढतात आणि सांधा निसटतो. पुढचे कित्येक महिने माणूस त्या दुखण्यानं व्यायामच करू देत नाही. नियम सोपा आहे: कमजोर हात कुणीही ओढायचा नाही. उठवताना कमरेला आधार द्यायचा. बसलेला असताना तो हात उशीवर ठेवायचा. सदरा, बंडी, ब्लाऊज घालताना आधी कमजोर हात, काढताना तो शेवटी. साडी नेसवण्याची नवऱ्याला धास्ती वाटत असेल तर सरळ पुढून बटणांचा गाऊन आणा. लोक काय म्हणतील याची काळजी लोकांना करू द्या.

मग कूस. जो स्वतः वळू शकत नाही त्याला दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागतं, रात्रीही. माकडहाड, टाच, खुबा रोज पाहा. लाल डाग दाबूनही फिका होत नसेल तर बेडसोअरची ती सुरुवात. आपल्याकडची बाज मधे खोल जाते आणि जमिनीलगत असते, त्यामुळे तिच्यावरून उठणं पेशंटला जवळपास अशक्य आणि तुमच्या कमरेलाही भारी. सपाट लाकडी पलंग, त्यावर साधी गादी, बसल्यावर दोन्ही पाय जमिनीला टेकतील इतकी उंची. संडासात बसण्यासाठी कमोडची खुर्ची आणि भिंतीला पक्का लोखंडी दांडा, आंघोळीला रुंद स्टूल. एवढा खर्च आधी करा, भारी टॉनिक नंतर. पडून खुबा मोडला की सगळी कमाई वाया जाते.

मालिशबद्दल दोन शब्द. हलक्या हातानं तेल लावायला हरकत नाही, माणसाला बरंही वाटतं. पण पोटरी सुजली, गरम लागली, दुखायला लागली तर तिला हात न लावता डॉक्टर गाठा. आत रक्ताची गुठळी असू शकते. कबुतराचं रक्त चोळणाऱ्यांच्या नादी लागू नका. राजस्थानातल्या बुटाटीला सात दिवस राहून परिक्रमा करायची काहींची श्रद्धा असते. तब्येत स्थिर झाल्यावर जायचं तर जा, फक्त गोळ्यांची पिशवी सोबत असू द्या आणि एकही दिवस चुकवू नका.

अर्धं ताट आणि हरवलेले शब्द

काही बदल दिसत नाहीत, आणि नेमके तेच नवरा-बायकोत भांडण लावतात. मेंदूच्या उजव्या भागात लकवा झाला तर डावं अंग जातंच. काही जणांच्या बाबतीत डावीकडचं जगच लक्षातून जातं. डोळे धड असतात, तरी ताटातली डाव्या बाजूची भाजी तशीच राहते आणि वर ‘भाजी वाढलीच नाही’ म्हणून बोलणी खावी लागतात. डाव्या गालाची दाढी राहते. दारातून जाताना डावा खांदा चौकटीला आपटतो. हा हट्ट किंवा खोडी समजू नका. ताट फिरवून द्या. बोलताना डावीकडे बसा, डाव्या हाताला स्पर्श करून तिकडे पाहायला लावा. अशा माणसाला एकट्यानं रस्त्यावर सोडायचं नाही, गाडी तर मुळीच द्यायची नाही.

मेंदूच्या डाव्या भागात लकवा झाला तर बहुतेकदा उजवं अंग जातं आणि सोबत भाषा जाते. समजत असतं, पण शब्द सापडत नाही. मागायचं पाणी आणि तोंडून निघतं चप्पल. गंमत अशी की ज्याला बायकोचं नाव आठवत नाही तो शिवी मात्र खणखणीत देतो. बाई बिचारी पाहुण्यांपुढे शरमेनं मान खाली घालते. शरमू नका. शिव्या, आकडे, वार, आरत्या, पाठ भजनं ही तोंडात बसलेली भाषा मेंदूत वेगळ्या वाटेनं चालते आणि बरेचदा शाबूत राहते. तिचा उपयोग करा. एक ते दहा सोबत मोजा. ज्यानं आयुष्यभर तुकडोजी महाराजांची भजनं म्हटली त्याच्यासोबत खंजिरी घेऊन बसा. शब्द सुरात येतात, तिथून हळूहळू बोलण्याकडे जाता येतं. प्रश्न असे विचारा की हो-नाही किंवा बोटानं उत्तर देता येईल. उत्तराची वाट पाहा, वाक्य तुम्ही पुरं करू नका. आणि आपल्या तालुक्यापुरती खास गोष्ट: घरात गोरमाटी, कोलामी किंवा गोंडी बोलत असाल तर सरावही त्याच भाषेत करा. दवाखान्यात मराठीतून विचारलं आणि उत्तर आलं नाही, म्हणून ‘समजत नाही’ असा शिक्का बसू शकतो. वाचा-उपचार करणारे तज्ज्ञ मोठ्या वैद्यकीय महाविद्यालयांत असतात. त्यांना घरची भाषा कोणती ते आधी सांगा.

भेटायला येणाऱ्यांना दारातच समज द्या. ‘आता काय राहिलं यांचं’ हे वाक्य खाटेवरच्या माणसाला पूर्ण कळतं. आणि येताना खर्रा आणणारा मित्र कितीही जुना असो, त्याची पुडी बाहेरच ठेवून घ्या.

साध्या गोष्टीवरून ढसाढसा रडणं किंवा नको तिथं हसणं हा मेंदूच्या इजेचाच भाग असू शकतो. तेव्हा विषय बदला, समजावत बसू नका. पण आठवडेच्या आठवडे उदास, भूक नाही, झोप नाही, ‘मला कशाला जगवता’ असं बोलणं असेल तर ते नैराश्य आहे. लकव्यानंतर साधारण तिघांतल्या एकाला ते गाठतं, आणि त्यावर औषध आहे. 14416 या ‘टेलिमानस’ क्रमांकावर फुकट बोलता येतं.

मोटारसायकलवरून पडून डोक्याला मार लागलेल्यांचं घर आणखी वेगळ्या अडचणीत असतं. हातपाय धड, चालणं-बोलणं ठीक. पण माणूस बदललेला. चटकन संतापतो, भरमसाट खर्च करतो, कुणापुढे काय बोलावं याचं भान राहत नाही. बाहेरच्यांना तो ‘चांगला दिसतो’, म्हणून बायकोवर कुणी विश्वास ठेवत नाही. गाडीची किल्ली, एटीएम कार्ड आणि दारू या तीन गोष्टी दूर ठेवा. दिवसाचं वेळापत्रक ठरलेलं ठेवा. वाद पेटला की जिंकायचा प्रयत्न न करता खोलीतून बाहेर पडा. हात उगारत असेल तर ते सहन करणं हा सेवेचा भाग नाही; मेंदूविकार किंवा मानसोपचार तज्ज्ञांना स्पष्ट सांगा.

हात आखडता घ्या

सगळ्यात अवघड सल्ला हा. त्यांना जे स्वतः जमतं ते तुम्ही करू नका. बटण लावायला दहा मिनिटं लागतील, लागू द्या. सुधारणेचा वेग पहिल्या तीन महिन्यांत सर्वाधिक असतो, नंतर मंदावतो, पण वर्षानंतरही सरावानं फरक पडू शकतो. आणि सराव म्हणजे रबरी चेंडू दाबत बसणंच कशाला? तुरीच्या शेंगा सोलणं, कापसातली कवडी वेगळी काढणं, लसूण निवडणं, धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालणं ही बोटांचीच कामं आहेत. कमजोर हाताला धड हातासोबत कामाला लावा. शेतकऱ्याला शेताचा हिशेब विचारा: फवारणी कधी, मजुरी किती, कापूस आता विकायचा की ठेवायचा. निर्णय त्यांचा घेतला की माणूस बाजेवरून उठायला कारण शोधतो. बाईच्या बाबतीत, चूल कुणी करायची यापेक्षा मिठाचं माप कुणी सांगायचं हे तिच्याकडेच राहू द्या.

मीठ मात्र कमीच. कारण तुमचं पहिल्या क्रमांकाचं काम हात बरा करणं नसून दुसरा लकवा येऊ न देणं हे आहे. बीपीची गोळी ‘आता बरं वाटतंय’ म्हणून बंद होते, आणि दुसरा झटका बहुधा त्याच वाटेनं येतो. बीपी सहसा 130/80 च्या खाली ठेवायचा असतो. तुमच्या पेशंटसाठी आकडा डॉक्टर सांगतील, तो कॅलेंडरवर लिहा आणि मोजमापही तिथंच लिहीत चला. लोणचं, पापड, खारे शेंगदाणे ताटातून काढा. तंबाखू, खर्रा, बिडी पूर्ण बंद. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःहून थांबवू नका. अंगदुखीसाठी गल्लीतल्या डॉक्टरकडून वेदनाशामक इंजेक्शन टोचून घेण्याआधी लकव्याचे कागद दाखवा. त्यातली काही औषधं बीपी वाढवतात आणि रक्तस्रावाचा धोकाही. आपल्याकडचा मे महिना ध्यानात ठेवा: टिनाच्या छपराखाली बोलू न शकणारा माणूस तहान सांगू शकत नाही. गिळणं ठीक असेल तर वेळ ठरवून पाणी द्या.

चेहरा वाकडा, हात गळून पडला, बोलणं अडखळलं, यातलं एकही दिसलं तर 108. माणूस शेवटचा ठणठणीत कधी दिसला ती वेळ लक्षात ठेवा, कारण गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्याआधी सीटी स्कॅन लागतो. ग्रामीण रुग्णालयात सहसा तो नसतो, तेव्हा तो कुठं होतो आणि इंजेक्शन कुठं मिळतं हे आजच विचारून ठेवा. वाटेत पाणी पाजू नका. ॲस्पिरिन किंवा बीपीची जादा गोळी घरीच देऊ नका. स्कॅनशिवाय गुठळी की रक्तस्राव हे कुणालाच सांगता येत नाही.

कागद

कागदांचं काम कंटाळवाणं आहे, म्हणून थोडक्यात. दाखल असतानाच रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेबद्दल विचारा. सहा महिन्यांनंतरही अपंगत्व राहिलं तर यूडीआयडी कार्डासाठी अर्ज करा. 40 टक्के किंवा जास्त असेल तर एसटीच्या भाड्यात 75 टक्के सवलत मिळते, आणि यवतमाळच्या फेऱ्यांना ती फार कामी येते. उत्पन्न तुटपुंजं असेल तर संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसीलमध्ये. उजवा हात गेला की सही बदलते आणि पीककर्जाचा, खात्याचा व्यवहार अडतो. बँकेत जाऊन अंगठ्याची नोंद करून घ्या, जमल्यास खातं संयुक्त करा. हे त्यांना समजतंय तोवर, त्यांना समजावून, त्यांच्या संमतीनं करा. शेताच्या कागदांवर भाऊबंद अंगठा मागायला आले तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. बाईला तिथं मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

आणि तुम्ही

रात्री दोन-दोन तासांनी उठणारी बाई नोव्हेंबरात सकाळी वेचणीलाही जाते. हे एकटीनं फार दिवस चालत नाही. भाऊ, दीर, मोठा मुलगा यांना ‘लक्ष ठेवा’ असं मोघम सांगू नका. ‘मंगळवार आणि शुक्रवारची रात्र तुझी’ असं सांगा. नवऱ्यानं बायकोची वेणी घालायला शिकावं, त्यात काही कमी होत नाही. शरीरसंबंधांबद्दल कुणी विचारत नाही आणि डॉक्टरही आपणहून काढत नाहीत. बीपी आटोक्यात आणि तब्येत स्थिर असेल तर बहुतेकांना ते पुन्हा सुरू करता येतात. एकांतात एकदा विचारून टाका. आणि चिडचिड होईल, कधीतरी तोंडून वाईट निघेल, ‘सुटलो असतो तर बरं’ असंही मनात येईल. दमलेल्या माणसाच्या मनात हे येतं. त्यावरून स्वतःला पापी ठरवू नका, विश्रांतीची सोय करा.

शेवटचं सांगणं. या सगळ्या धावपळीत एका माणसाचा बीपी कुणीच मोजलेला नसतो. वयाची तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाची बीपी आणि साखरेची तपासणी उपकेंद्रात फुकट होते. पुढच्या खेपेला त्यांच्या गोळ्या आणायला जाल तेव्हा त्याच स्टुलावर बसा आणि स्वतःचा दंड पुढे करा.